आधी घेणारे ठरवा, मग मासिकं मागा: सोलापुरातला माझा अनुभव

शाळांतल्या मुलांना आणि नुकतंच वाचायला शिकलेल्या प्रौढांना वाटायला जुनी मासिकं मिळायला त्रास पडत नाही. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप टाकला की खोली भरते. त्यातला नेमका अंक नेमक्या माणसाच्या हातात पडणं हे खरं काम. म्हणून देणाऱ्यांना हाक मारण्याआधी घेणारे पक्के करावेत. शाळा असेल तर मुलं कितवीतली, माध्यम कोणतं, अंक कुठे राहणार आणि कपाटाची किल्ली कोणाकडे, एवढं तरी विचारून घ्यावं. किल्ली कार्यालयात राहिली तर अंक कोरेच राहतात.

सोलापुरात भाषेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड, शिवाय शहरात उर्दू शाळाही आहेत. त्यामुळे निवड करायला या तिन्ही लिप्या वाचणारा एकेक माणूस बसवावा. नाहीतर त्या भाषांतले अंक 'नंतर बघू' म्हणून कोपऱ्यात पडतात आणि तिथेच राहतात.

गोळा करण्याची उत्तम वेळ म्हणजे घट बसण्याआधीची साफसफाई, कारण तेव्हा माळे रिकामे होतात. फक्त पाऊस पूर्ण गेलेला नसतो, म्हणून गठ्ठे उघड्या टेम्पोतून आणू नयेत. दुसरी फेरी संक्रांतीनंतर, सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर. तोवर दिवाळी अंक घरात वाचून झालेले असतात. एका खोक्यात 10-12 किलोच भरावेत. त्याहून जड झालं की तळ फाटतो आणि उचलणाऱ्याची पाठ धरते. बांधायला सुतळीच वापरावी, रबरबँड उन्हाळ्यात वितळून मुखपृष्ठाला चिकटतो. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत साठा ठेवला तर डिंकाने चिकटवलेल्या अंकांचा कणा सुटतो. जमिनीवर थेट ठेवलं तर वाळवी लागते.

रद्दीवाल्याला मात्र आधीच सांगून ठेवावं. मुलांची मासिकं घरोघरी मागून कमी मिळतात. रद्दीच्या भावापेक्षा थोडे जास्त दिले की तो 'किशोर'चे अंक बाजूला काढून ठेवतो. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे बरेच जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यामुळे एखादं पान फाटलेलं असेल तर तेवढंच छापून चिकटवता येतं. गोष्टीचं शेवटचं पान गेलेला अंक मुलाला देऊ नये, हा माझा हट्ट आहे.

निवड करताना राशिभविष्य आणि पक्षांची मुखपत्रं सरळ रद्दीत. स्पर्धा परीक्षांची चालू घडामोडींची मासिकं वर्षभरात निरुपयोगी होतात. दिवाळी अंक मुलांच्या ढिगात टाकण्यापूर्वी व्यंगचित्रं आणि विनोद पान उलटून पाहावेत. भरलेली शब्दकोडी खोडत बसू नये, पण कात्री लागलेली पानं मागून-पुढून तपासावीत, कारण पाककृती कापली की मागची कथाही जाते. ओल लागून काळे ठिपके पडलेला अंक लगेच वेगळा करावा, बुरशी शेजारच्या अंकांत पसरते.

गंजलेल्या पिना काढून मधल्या घडीवर तीन भोकं पाडावीत आणि जाड सुती दोऱ्याने शिवावं. चिकटवायला पिठाची खळ नको, तिला कसर लागते. पातळ केलेला फेविकॉल बरा.

प्रौढांचा ढीग वेगळा ठेवावा. केंद्र सरकारच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षांपुढच्या निरक्षरांची 150 गुणांची परीक्षा असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला प्रत्येकी 50. उत्तीर्ण झाल्यावर हातात वाचायला काहीच नसेल तर आलेलं वाचन सुटतं. बिड्या वळणाऱ्या बायकांना साहित्यिक मासिक देऊन उपयोग नाही. मोठा टाइप, छोटे परिच्छेद, आरोग्य, शेती, पाककृती, चित्रांखालच्या ओळी यांपासून सुरुवात करावी. गुळगुळीत चकचकीत कागद टाळावा, बल्बखाली त्यावर उजेड परततो. चाळिशीपुढची बाई 'वाचता येत नाही' म्हणाली तर आधी अंक हातभर लांब धरायला सांगावा. अक्षरं दिसू लागली तर तिला जवळचा चष्मा हवा आहे. तो मिळेपर्यंत मासिकं देणं व्यर्थ, म्हणून नेत्रतपासणीची सोय वाटपाच्या आधीच करावी.

वाटप कपाटापेक्षा पिशव्यांतून करावं. जाड कापडाच्या पिशवीत 25 अंक, आत यादीचा कागद, आणि दर पंधरवड्याला पिशव्यांची अदलाबदल. वहीत पिशवीचा क्रमांक, तारीख आणि परत आलेली संख्या एवढंच लिहावं. दंड लावू नये, त्या भीतीने पिशवी उघडलीच जात नाही. दोन-चार अंक परत आले नाहीत तर ते घरी वाचले जात आहेत असं समजून पुढच्या फेरीत भर घालावी. पिशवी जशीच्या तशी, घडीही न मोडता परत आली, तर मात्र अंक बदलायची गरज आहे. निवडीत बाद झालेल्या रद्दीच्या पैशांतून दोरा, फेविकॉल आणि नव्या पिशव्यांच्या कापडाचा बराच खर्च निघतो.