एक उत्तर का खोडलं?

‘मॅडम, एकही पायरी चुकलेली नाही, मग एक उत्तर का खोडलंत?’ क्लास घ्यायला लागल्यापासून हा प्रश्न मला पाठ झालाय. मुलांपेक्षा पालकच जास्त विचारतात. आता तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

तुमच्या लेकीच्या वहीत होतं √(क्ष + ७) = क्ष − ५. तिने दोन्ही बाजूंचा वर्ग केला, क्ष² − ११क्ष + १८ = ० आणलं, अवयव पाडले. उत्तरं ९ आणि २, दोन्हींना पट्टीने आखलेली चौकट. आता किमती घालून बघा. ९ घातले की डावीकडे १६चं वर्गमूळ ४, उजवीकडेही ४. २ घातले की डावीकडे ९चं वर्गमूळ ३ आणि उजवीकडे −३. जमलं नाही.

खरंच, ती कुठेच चुकलेली नाही. भागाकाराचा ताळा घेतो तो आपली चूक पकडायला. इथे चूक नसतानाही तो घ्यावा लागतो, कारण ३ काय आणि −३ काय, वर्ग केला की दोघंही ९. चिन्ह पुसलं जातं. √ या चिन्हाने आपण फक्त धन मूळ (किंवा शून्य) घेतो; पण वर्ग केल्यावर आपल्या समीकरणाचा चुलतभाऊ, −√(क्ष + ७) = क्ष − ५, गुपचूप त्याच ओळीत येऊन बसतो. पुढचं सगळं दोघांचं सामायिक. तो २ त्या भावाचा आहे.

काही हुशार मुलं म्हणतात, मुळाखाली ऋण संख्या येत नाही ना, मग झालं. नाही झालं. २ + ७ = ९, ऋण कुठेय? शिवाय वर्ग केल्यावर क्ष + ७ हे (क्ष − ५)² एवढं असतं, म्हणजे ते ऋण येणारच नाही. बघायची असते ती उजवी बाजू: क्ष − ५ ऋण नको, म्हणजे क्ष निदान ५ हवा. एवढं आधीच लिहून ठेवलं तर २ तिथेच गळतो.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त, म्हणजे १२व्या शतकात, माकडांचं एक गणित आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा केले, उरले त्यांचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. कळप केवढा? उत्तरं येतात ५० आणि ५. पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले की −२. त्याचा वर्ग ४, अधिक फांदीवरचं एक, बेरीज बरोबर ५! तरी त्यांनी ५ सोडून दिले, कारण ऋण माकडं लोकांना पटत नाहीत. हे गणित मला फार आवडतं. तेच √(क्ष − १) = क्ष/५ − ३ असं मांडलं, तर ५ला घालवायला लोकांना विचारायचीही गरज नाही.

लेकीला आता √(क्ष + ५) + √क्ष = १ द्या. √क्ष उजवीकडे नेऊन एकदा वर्ग केला की √क्ष = −२ येतं. शहाणं मूल तिथेच पेन ठेवतं. बाकीची पुन्हा वर्ग करून ४ आणतात, ताळ्यात ५ = १ दिसलं की घाबरून सगळं खोडतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. तिला म्हणावं, खोडू नकोस. खाली ‘उकल नाही’ लिही आणि पुढचं गणित घे. पूर्ण मार्क देईन.