फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं

डिसेंबर जवळ आला की आमच्या श्रोता मंडळात फोनाफोनी सुरू होते. मेळावा महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिरजेतल्या एका शाळेच्या सभागृहात. डिसेंबरच का, असं एखाद्या नव्या सभासदाने विचारलं तर जुना सभासद त्याला अर्धा तास सोडत नाही. उत्तर खरं तर एका ओळीचं आहे. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, या दिवशी रेडिओ सिलोनवरून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, बिनाका गीतमाला हा हिंदी सिनेगाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम पहिल्यांदा लागला.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल-श्रीफळ, अहवालवाचन, हिशेबाला मंजुरी हे सगळं रीतसर होतं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच नोंदवून ठेवतो की प्रमुख पाहुणे स्वतःचं भाषण झालं की "पुढे एक कार्यक्रम आहे" म्हणत निघतात आणि त्यांच्यासाठी आलेली पहिली रांगही त्यांच्यामागून उठते. एका वर्षी टीव्हीवरचे एक कलाकार पाहुणे होते, तेव्हा जिन्यातसुद्धा उभं राहायला जागा नव्हती. पुढच्या वर्षी पाहुणे आमच्यातलेच, तर निम्म्या खुर्च्या मंडपवाल्याने आल्या तशा टेम्पोत परत चढवल्या. भाडं मात्र पूर्ण घेतलं. सांगलीकर सभासदांबद्दल न बोललेलं बरं. दहा किलोमीटरवर राहतात आणि येतात बरोबर मसालेभाताच्या पातेल्याचं झाकण निघताना. निपाणीहून, पार बेळगावहून पहाटेची गाडी धरून आलेली माणसं तोवर दोन तास व्हरांड्यात बसलेली असतात.

व्हरांड्यात बसण्यात तोटा नाही म्हणा. तिथेच जुने रेडिओ मांडलेले असतात. मर्फी, बुश, फिलिप्स, आणि एक असा की त्याचं नावाचं पितळी अक्षरच पडून गेलंय. बहुतेक नुसते बघण्यापुरते, पण एक व्हॉल्व्हचा सेट आमचे दुरुस्तीवाले मामा दरवर्षी चालू करून दाखवतात. बटण फिरवलं की डायलमागचा पिवळा दिवा लागतो, आवाज मात्र नाही. जमलेली शाळकरी पोरं एकमेकांकडे बघतात. "बिघडलाय काय वो आजोबा?" मामा सेटच्या मागे तळहात धरून उभे. "थांब की बाळा, तापू दे त्याला." मग आधी एक घूं, मग खरखर, आणि खरखरीच्या पोटातून कुठल्या तरी परक्या भाषेतला माणूस बोलायला लागतो. पोरं टाळ्या वाजवतात. शेजारच्या टेबलावर एक आजी सासऱ्यांच्या नावाचं रेडिओ लायसनचं पुस्तक ठेवतात. पोस्टात वर्षाचे पैसे भरले की त्यावर तिकीट चिकटवून शिक्का मारायचे. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून येतं आणि मेळावा संपायच्या आत पिशवीतच परत जातं. कोणी फोटो काढला तर चालतं, पानं उलटलेली चालत नाहीत.

मग गुरुजींचं भाषण. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, पण मंडळात सगळे गुरुजीच म्हणतात. विषय दरवर्षी एकच, रेडिओ सिलोनचा इतिहास. तरुण मंडळी या वेळी चहाला बाहेर जातात. मला हे भाषण पाठ आहे, तरी मी हलत नाही.

सुरुवात नेहमी युद्धापासून. माउंटबॅटनचं आग्नेय आशियाचं मुख्यालय १९४४ मध्ये सिलोनमध्ये आलं. रणांगणावरच्या सैनिकांना बातम्या आणि गाणी ऐकवायला दोस्त राष्ट्रांनी तिथे रेडिओ केंद्र काढलं, कोलंबोजवळच्या 'एकाला' नावाच्या गावी दांडगा ट्रान्समीटर उभा केला. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, यंत्रं राहिली ती सिलोन सरकारच्या पदरात पडली. एवढ्याशा बेटाला एवढ्या ताकदीचा ट्रान्समीटर करायचा काय? इथे गुरुजी थांबतात, पाण्याचा घोट घेतात, आणि चष्म्यावरून सभागृहाकडे बघतात. "विकायचा! यंत्र नव्हे हो, वेळ विकायचा." ३० सप्टेंबर १९५० ला तिथे जाहिरातींवर चालणारी सेवा सुरू झाली आणि शॉर्टवेव्हवरून थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचली.

त्यानंतर येतात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ ते ६२ अशी दहा वर्षं नभोवाणी खातं त्यांच्याकडे होतं. "आपलाच माणूस, पुण्याचा!" असं गुरुजी कपाळाला हात लावून म्हणतात आणि हशा मिळवतात. केसकरांना शास्त्रीय संगीत घरोघर पोचवायचं होतं, ते त्यांनी केलंही. शनिवारचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला. पण सिनेमाची गाणी त्यांना खपत नव्हती. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव घेणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून नाव गाळायचं ठरलं. निर्मात्यांनी चिडून गाण्यांची परवानगी काढून घेतली, आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसंच झालं. इथे आमचे पेटीवाले अण्णा हमखास मागून ओरडतात, "आणि पेटी?" पेटीला आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं दार बंद ठेवलं होतं. त्यात केसकरांच्या आधीचे गोरे साहेबही आले, पण अण्णांना ते मान्य नाही. त्यांचा सगळा राग एकाच माणसावर आहे.

गीतमालेचा भाग सांगताना गुरुजींचा आवाज बदलतो. इंग्रजी गाण्यांच्या हिट परेडवरून कल्पना सुचलेली, पैसा बिनाका टूथपेस्टवाल्यांचा, आणि आठवड्याला पंचवीस रुपयांत निवेदनापासून पत्रं वाचण्यापर्यंत सगळं करायला तयार झालेला विशीतला अमीन सायानी. सुरुवातीला सातच गाणी, क्रम श्रोत्यांनी लावायचा. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. रेकॉर्डिंग मुंबईत, टेप विमानाने कोलंबोला, आणि तिथून तीच गाणी समुद्र ओलांडून पुन्हा इकडे. मुंबईच्या गाण्याला मिरजेत यायला सिलोनचा वळसा! सरकारला अखेर १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती काढावी लागली, आणि १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरहून तिच्यावर जाहिरातीही आल्या. "जिला नाकं मुरडली, तिच्याच पंगतीला जाऊन बसले," हे गुरुजींचं शेवटचं वाक्य. जाहिरातीने माणूस बिघडतो असं आयुष्यभर वर्गात सांगितलेला हा माणूस एका टूथपेस्टच्या बाजूने इतका तळमळून बोलतो, ते मला दरवर्षी तितकंच आवडतं.

धून ओळखण्याची स्पर्धा होते. तीच तीन कुटुंबं आळीपाळीने जिंकतात. असो.

ज्यासाठी मी खरा मेळाव्याला जातो ते त्यानंतर. पूर्वी या जागी वर्षभरात गेलेल्या सभासदांसाठी दोन मिनिटं स्तब्धता असायची. मग आमचे नाना गेले. नाना आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, मिरज जंक्शनवर रात्रपाळीला टपालाची छाननी करायचे. फर्माइशीची पोस्टकार्डं, कोणी कोलंबोला घातलेली, कोणी मुंबईच्या पत्त्यावर, रोज त्यांच्या हाताखालून जायची. कुठल्या गावचं पोर कुठल्या गाण्यासाठी झुरतंय हे त्यांना निवेदकाच्या आधी ठाऊक. स्तब्धतेची वेळ आली तेव्हा त्यांच्या जोडीदाराने, तेही पोस्टातलेच, सरळ माइक धरला. "नाना कधी दोन मिनिटं गप्प बसला नाही. त्याच्यासाठी आपण का बसायचं?" आणि त्यांनी नानांचं नाव फर्माइशीत पुकारलं. अस्सल सिलोनच्या थाटात, हिंदीत. अगला गीत सुनना चाहते हैं मिरज से, मग नाना, मग काकू, मग मुलं, सुना, नातवंडं, आणि सगळ्यांत शेवटी "और इनके तमाम साथी". सभागृहातले तमाम साथी तेव्हा रुमाल शोधत होते.

तेव्हापासून तीच पद्धत पडली. गेलेल्या प्रत्येकाचं आवडतं गाणं घरच्यांना विचारून ठेवतो, नावं पुकारतो, मुखडा वाजवतो. यादी लहान असावी असं वाटतं, आणि ती लहान नसते. ज्यांनी या आवाजांवर दिवस काढले त्यांनाच कळेल, रेडिओवर आपल्या गावाचं नाव ऐकणं म्हणजे काय होतं. गोपाल शर्मा, मनोहर महाजन असे निवेदक नावं वाचायचे तेव्हा आवाज लाटेसारखा जवळ यायचा, लांब जायचा, आणि नेमका आपल्या नावाशी खरखरीत बुडायचा. मग आठवडाभर वाद. आपलंच होतं का? दुसरी मिरज आहे कुठे?

मागच्या वर्षी यादी वाचताना पुढच्या रांगेतल्या एक वहिनी मध्येच उठल्या. यजमान जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. वाटलं, सहन झालं नसेल. तर त्या म्हणाल्या, "थांबा भाऊजी, धाकट्या नातीचं राहिलं. त्यांनी कार्डावर पहिलं तिचं लिहिलं असतं." भाऊजींनी नाव विचारून घेतलं आणि पूर्ण फर्माईश पहिल्यापासून वाचली. मग गाणं लागलं आणि वहिनी खाली बसल्या.

अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. त्या डिसेंबरात त्यांचं नाव यादीत घ्यायचं की नाही यावर बैठकीत चांगलीच जुंपली. अण्णांचं म्हणणं, ते निवेदक, ते फर्माईश कशी पाठवतील? गुरुजींनी निकाल दिला, "आयुष्यभर दुसऱ्यांची वाचली. एक त्यांची आपण वाचू." म्हणून यादी सुरू झाली ती "मुंबई से अमीन सायानी" अशी. अण्णांनी त्या गाण्याला पेटीवर साथ केली आणि नंतर कोणाशी बोलले नाहीत.

आता आभार. नावं छापायची नाहीत असा मंडळाचा ठराव आहे, कारण एका वर्षी छापली तेव्हा चार घरांशी बोलणं तुटलं. पण कामं तरी सांगू देत. निमंत्रणपत्रिका कागदाच्या खर्चात छापून देणारे प्रेसवाले. रेडिओ गोधडीत गुंडाळून आणणारा टेम्पोवाला पुतण्या, ज्याने आजवर एक काच फुटू दिली नाही. भल्या पहाटे रांगोळी घालणाऱ्या दोघी जावा. पाहुणे ती तुडवून जातात, त्या काही म्हणत नाहीत. ध्वनिव्यवस्था बघणारा मुलगा, ज्याला यातलं एकही गाणं आधी माहीत नव्हतं आणि आता मुखडा नेमका कुठे तोडायचा ते त्यालाच विचारावं लागतं. मसालेभात, जिलबी, मठ्ठा करणाऱ्या महिला मंडळातल्या सगळ्या, आणि ऐनवेळी पापड तळून दिलेल्या शेजारच्या वाड्यातल्या मावशी. परगावच्यांना रात्री घरी ठेवून घेणारी सहा घरं. वर्गणी गोळा करताना दारातून परत पाठवलेले आमचे खजिनदार. कोणी पाठवलं ते मला माहीत आहे. लग्नाची बोलणी सोडून मेळाव्याचे फोटो काढायला आलेला भाचा. व्हरांड्यात चपला सांभाळणारी आठवीतली मुलं.

आणि शाळेचे शिपाईमामा. सगळे पांगले तरी सिलोनच्या सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमासारखं शेवटचं गाणं सैगलचंच लागतं, आणि ते संपेपर्यंत ते कुलूप हातात घेऊन दारात उभे असतात. त्यांना मानधन द्यायचं म्हटलं तर पाकीट घेत नाहीत. यंदा त्यांनी एकच विचारलं, पुढच्या वर्षी रिटायर होतोय, तर सभासद होता येईल का? पावती मी तिथेच फाडली. वर्गणी पन्नास रुपये, आणि त्यांनी ती रोख दिली, जे सांगलीकरांना अजून जमलेलं नाही.