खाजणाची माती आणि कोलंबीचे तळे

सोलापुरातल्या आमच्या माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत बहुतेक नमुने ऊस, डाळिंब आणि द्राक्षाच्या रानांतले असतात. त्या काळ्या मातीचा सामू (pH; ७ च्या खाली आम्ल, वर विम्ल) बहुधा ८ च्या पुढे असतो आणि पातळ आम्लाचा थेंब पडला की तिच्यातला चुना फसफसतो. टॉवेलच्या व्यवसायातले एक ओळखीचे मालक रायगडच्या खाडीकाठची माती घेऊन आले, तेव्हा पिशवीची गाठ सुटताच सडक्या अंड्यांचा वास खोलीभर पसरला. त्यांना तिथे जमीन घेऊन व्हॅनामेई कोलंबीची तळी खोदायची होती. विक्रेत्याच्या सल्लागाराने आधीच अहवाल दिला होता, की जमीन पडीक आहे, सामू ६.९ आहे आणि माती उत्तम आहे.

ओल्या मातीचा सामू मलाही तेवढाच मिळाला, पण त्यावर निकाल देता येत नाही. खाडीच्या पाण्याखाली, हवा नसलेल्या चिखलात लोह आणि गंधक एकत्र येऊन पायराइट तयार होते आणि पाण्याखाली असेपर्यंत ते निरुपद्रवी असते. तळे खोदून ती माती बांधावर टाकली, की हवेशी संयोग होऊन तिच्यातून गंधकाम्ल सुटते. म्हणून मी चिमूटभर मातीवर तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले. मिश्रण उकळल्यासारखे फेसाळले, काचपात्र हाताला चटका बसण्याइतके तापले आणि निवल्यावर सामू २.६ भरला. उरलेली माती ट्रेमध्ये पसरून ओलसर ठेवली, तर काही आठवड्यांत भेगांच्या कडांवर गवती पिवळे डाग उमटले; तीही आम्ल सुटल्याचीच खूण.

ती माती चाळताना पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट कुजलेली उभी मुळे हाती लागली. ती तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या खारफुटीच्या झाडाची, श्वसनमुळे होती. कागदावर पडीक असलेल्या जमिनीवर कांदळवन उभे होते, हे त्या मुळांनी स्पष्ट सांगितले. फक्त ओला सामू मोजून 'उत्तम' असा शेरा मारणाऱ्या माणसाला मी सल्लागार मानत नाही; तो विक्रेत्याचा दलाल असतो आणि आपल्याकडे बँकाही अशाच कागदांवर विश्वास ठेवतात, याचा मला मनापासून संताप येतो.

"मॅडम, चुना टाकला तर भागेल ना?" मालकांनी विचारले. मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला: मातीत पायराइटमधले गंधक एक टक्का असेल, तर दर टन मातीला सुमारे ३१ किलो शुद्ध चुनखडी लागते. कोलंबीला ७.५ ते ८.५ सामूचे पाणी मानवते. इथे दर पावसाळ्यात बांधावरून आम्ल आणि त्यात मातीतून विरघळलेले ॲल्युमिनियम तळ्यात उतरत राहणार होते. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाच्या तोडीवर राज्यभर बंदी घातलेली आहे, हेही मी सांगितले.

मालक खट्टू झाले, पण कोलंबीचा विचार सोडा असे मी त्यांना म्हटले नाही. कांदळवनाच्या मागे, भरतीच्या रेषेच्या वर तळे बांधले, तर ते पूर्ण उपसून वाळवता येते आणि रोगही आटोक्यात ठेवता येतो. बीज विरळ सोडावे, रोगमुक्त पैदाशीचेच घ्यावे आणि वापरलेले पाणी आधी निवळण-तळ्यात थांबवून, विष्ठा व उरलेले खाद्य खाली बसल्यावरच खाडीत सोडावे. त्या पाण्यात राहिलेले नत्र आणि स्फुरद काही प्रमाणात तिवरे शोषून घेतात. तीच झाडे किनाऱ्याची धूप रोखतात आणि त्यांच्याच मुळांत मासळीची व रानटी कोलंबीची पिल्ले वाढतात. व्हिएतनामच्या का मौ प्रांतात शेतकरी कांदळवन राखून त्याच्या आतल्या चरांत विरळ कोलंबी वाढवतात. उत्पादन कमी असते, पण खाद्याचा खर्च जवळजवळ नसतो.

मालकांनी तो व्यवहार सोडला. ही जागा वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवा, असे मी सुचवले, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आपण वाचलो, आता कशाला वैर घ्यायचं?" माझ्याकडे जागेचा गट नंबर नाही, आहे तो फक्त पिशवीवरचा नमुना क्रमांक. तो ६.९ चा अहवाल आता पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवला जाईल, आणि ते गिऱ्हाईक मातीची पिशवी घेऊन कुठल्या प्रयोगशाळेत जाईलच असे नाही. म्हणून गट नंबरासाठी मी मालकांकडे अजूनही तगादा लावते आहे.