वाकळ टांगलेली खोली

खानापुरात ऑडिओचं दुकान घातल्याला येत्या दसऱ्याला वर्ष होईल. "बेळगाव हाकेच्या अंतरावर असताना इथं कोण येणार?" असं सगळे म्हणाले. एका बँकेनं कर्ज नाकारलं, तेव्हा आईनं पाटल्या मोडल्या. त्यातले पहिले पैसे मी माल भरण्यात घातले नाहीत, मागच्या खोलीत घातले.

खोली १२ बाय १५ फुटांची. टाळी वाजवली की भिंती खणखणायच्या. म्हणून आईच्या जुन्या वाकळा काढल्या. कुठं टांगायच्या हे आरशानं ठरवलं. मी ऐकायच्या खुर्चीत बसलो, भाऊ बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत गेला. जिथं मला आरशात स्पीकर दिसला, तिथंच आवाज भिंतीवर आपटून कानाकडं वळतो. तिथं खडूची खूण, आणि खुणेवर वाकळ. खाली घोंगडं अंथरलं. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढं ओढले, तेव्हा घुमणारा बास मोकळा झाला.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "किती वॉट?" गणपतीच्या मिरवणुकीतनं ती सवय लागलीय. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं चढतो, हे मी सांगत बसत नाही. आत नेऊन कुमार गंधर्व लावतो. त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, सुळेभावीचा, १९२४ सालचा. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालेलं, त्यामुळं तान तोडून मध्येच घेतलेला श्वास हा त्यांच्या गाण्याचाच भाग. साध्या १५ वॉटच्या अँप्लिफायरवर तो श्वास आणि मागचा तानपुरा वेगवेगळे ऐकू आले की माणूस वॉट विसरतो.

पावसाळ्यात मात्र फार शिकायला मिळालं. इथल्या ओलीत स्पीकरच्या कडेचा फोम कुजून भुगा होतो, म्हणून मी रबरी कडेचेच स्पीकर ठेवतो. वायरिंगचं अर्थिंग कच्चं होतं, तबकडी वाजवायचं टर्नटेबल लावलं की सारखी घरघर यायची. परसात खड्डा खणून कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी घातली, मग ती गेली.

श्रावणात कापोलीकडचे एक तात्या धोतरात गुंडाळून लाखेची तबकडी घेऊन आले. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. लेबल झिजलेलं. "बेळगावात वाजवून बघितली. नुसती खरखर. तबकडी गेली म्हणाले."

तबकडी गेली नव्हती. एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांची सुई बारीक, ७८ ची खाच तिच्या तिप्पट रुंद. सुई खाचेच्या तळाला धुळीत फिरते. मी ३ मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशाची जाड सुई बसवली. खरखर राहिली, पण तिच्यातनं बाईचा आवाज वर आला. तीन मिनिटांचं नाट्यपद. तात्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. बाजू संपली, तरी हात हलला नाही.

"माझ्या बा नं आणलीती," ते म्हणाले. "आक्का नाचायची ह्याच्यावर." मग थोड्या वेळानं, "रविवारी आक्काला आणतो, नंदगडासनं. खोली उघडी ठेवशील न्हवं?"

ऐकायच्या नेमक्या जागी एकच खुर्ची मावते. ती आक्कांसाठी. तात्यांसाठी घोंगड्यावर पाट मांडलाय, भिंतीला टेकता येईल असा.