आठ-बाराची लोकल, माझं नाक आणि फ्लुओक्सेटिन

माझं नाक वाकडं आहे की नाही हे मला अजूनही छातीठोक सांगता येणार नाही. आई म्हणते आजोबांचंच नाक आहे, त्यात काय बघायचं. ईएनटीवाले डॉक्टर म्हणाले आतला पडदा किंचित डावीकडे आहे, पण असा कितीतरी लोकांचा असतो, श्वास नीट घेतोयस ना, मग सोडून दे. मला मात्र डाव्या बाजूने बघितलं की मधे एक उंचवटा आणि खाली वळलेला शेंडा एवढंच दिसायचं, बाकी चेहरा जणू नाहीच.

राहतो भांडुपला, ऑफिस लोअर परळला, वय २४. लोकल ८:१२ ची. स्टेशन घरापासून सात मिनिटं, तरी आठवड्यातून चार दिवस ती चुकायची, कारण कपाटाच्या आरशासमोर "एकदाच बघून निघतो" म्हणून उभा राहिलो की पाऊण तास गेलेला असायचा. समोरून बघायचं, डावीकडून बघायचं, मग मोबाईलवर फोटो, मग झूम, मग सेल्फी आरशासारखी उलटी येते म्हणून ती फ्लिप करून परत. एका रात्री मोबाईल भरला म्हणून फोटो डिलीट करायला बसलो तर नाकाचेच सहाशेच्या वर निघाले.

स्टेशनवर वेगळंच नाटक. डाव्या गालाला पार्टिशन येईल अशी दाराजवळची एक जागा मी ठरवून ठेवली होती, ती दिसली नाही की गाडी सोडायचो. सकाळच्या गर्दीत जागा निवडणारा माणूस म्हणजे येडाच, दोन-तीन गाड्या आरामात जायच्या. रात्री परत येताना बाहेर अंधार झाला की खिडकीची काच आरसा व्हायची, मग दादर ते भांडुप मान खाली. लग्नं, बारशी, ऑफिसची पिकनिक सगळं बंद केलं होतं. घरी वाटायचं पोरगा लाजाळू आहे किंवा प्रेमभंग झालाय.

ऑपरेशनसाठी पैसे साठवत होतो. एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेलो तर तिथल्या मॅडमनी पंधरा मिनिटांत कॉम्प्युटरवर नवं नाक काढून दाखवलं आणि ईएमआयचा कागद पुढे केला. सही करणारच होतो, पण मित्राच्या बहिणीने दुसऱ्या एका प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं. त्यांनी नाकाला हातच लावला नाही. विचारलं, दिवसातले किती तास डोक्यात हेच असतं? मी म्हटलं पाच-सहा. ते म्हणाले मी हे ऑपरेशन करणार नाही, केलं तरी सहा महिन्यांनी तू याच नाकातली दुसरी खोट घेऊन येशील, नाहीतर हनुवटी घेऊन. आणि सायकियाट्रिस्टला चिठ्ठी लिहिली. मी इतका चिडलो की ती चिठ्ठी दोन महिने पाकिटात घडी पडून होती. आता वाटतं त्या माणसाने माझे लाखभर रुपये वाचवले.

शेवटी म्युनिसिपल हॉस्पिटलच्या सायकियाट्री ओपीडीत गेलो. दहा रुपयांचा केसपेपर, तीन तासांची लाईन, बाकावर डावा गाल भिंतीकडे करून बसलेला मी. रेसिडेंट डॉक्टर मॅडम वयाने माझ्याहून फार मोठ्या नसतील. किती वेळा आरसा बघतोस, लोकांना विचारत राहतोस का "माझं नाक वाकडं आहे का", हाताने चाचपतोस का. चाचपतोस म्हटल्यावर कळलं की तेव्हासुद्धा बोट नाकावरच होतं. केसपेपरवर लिहिलं बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दिसण्यातली किरकोळ किंवा नसलेली खोट डोक्यात घर करून बसते तो आजार, आणि खाली फ्लुओक्सेटिन २० मिग्रॅ, सकाळी नाश्त्यानंतर.

मी म्हटलं मॅडम ही तर डिप्रेशनची गोळी, मी उदास नाहीये, माझा प्रॉब्लेम नाक आहे. त्या म्हणाल्या हा आजार ओसीडीच्या घराण्यातला आहे, एकच विचार सुई अडकल्यासारखा फिरत राहतो आणि या गोळ्या तिथेही चालतात. पण डिप्रेशनपेक्षा डोस बरेचदा जास्त लागतो आणि वेळही जास्त, बारा आठवडे तरी दे, दोन आठवड्यांत काही होत नाही म्हणून पळू नकोस. आणि सोबत थेरपी. मग विचारलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? मी नाही म्हटलं, मग थोडा वेळ थांबून कधीकधी म्हटलं. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं आणि सांगितलं की पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत असे विचार वाढू शकतात, म्हणून घरात एकाला तरी माहीत पाहिजे, आणि रात्री-बेरात्री काही वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे.

म्हणजे आईला सांगणं आलं. ती कणीक मळत होती. मी पाठीमागून एका दमात बोलून टाकलं. ती म्हणाली, "सवय लागते म्हणतात रे त्या गोळ्यांची." मग हात न धुताच जाऊन कपाटाच्या आरशावर पेपर चिकटवला. मी काही सांगितलं नव्हतं. पेपरवर कणकेची बोटं उमटली होती.

कोपऱ्यावरचा केमिस्ट बाबांचा दोस्त, म्हणून गोळ्या दादरहून आणायचो. एक कॅप्सूल वडापावपेक्षा स्वस्त. पहिला आठवडा बेकार गेला, सारखं मळमळायचं, जांभया, हातापायांत चुळबुळ, रात्री दोनला टक्क जागा. दहाव्या दिवसापासून मळमळ ओसरली. नाक जिथल्या तिथे. चौथ्या आठवड्याला म्हटलं काहीच फरक नाही, डोस ४० झाला.

याच काळात नेटवर वाचत बसायचो, तोही आरशाचाच प्रकार म्हणा. १८९१ मध्ये मोर्सेल्ली नावाच्या इटालियन डॉक्टरने हे लिहून ठेवलंय कळल्यावर उगाच बरं वाटलं, म्हणजे सेल्फीच्या आधीपासूनची लोकं आहेत आमच्यात. अमेरिकेत ६७ जणांवर केलेला, २००२ मध्ये छापून आलेला फ्लुओक्सेटिनचा अभ्यास सापडला, बारा आठवड्यांनी गोळीवाल्यांपैकी ५३ टक्क्यांना फरक आणि खोट्या गोळीवाल्यांपैकी १८ टक्क्यांना. मॅडमना म्हटलं हे तर छापा-काटा झालं. त्या हसल्या, म्हणाल्या एकीने नाही झालं तर दुसरी आहे, सर्ट्रालिन आहे, एस्सिटालोप्राम आहे, आधी हिला तरी पुरती संधी दे.

सातव्या की आठव्या आठवड्यात, तारीख आठवत नाही, गाडी कुर्ल्याला थांबली तेव्हा लक्षात आलं की मी उलट्या बाजूला उभा आहे. डावा गाल पूर्ण डब्याला दिसतोय आणि मी विक्रोळीपासून एका काकांची रेशनकार्डाची भानगड ऐकतोय. लगेच हात नाकावर गेला, छातीत धडधडलं, सगळं झालं. पण मधली दहा-बारा मिनिटं नाक नव्हतंच. गोळीने नाक सरळ दिसायला लागलं असं अजिबात नाही, विचार यायचा पण खुर्ची टाकून बसायचा नाही.

मग ६० वर गेलो आणि थेरपीचा नंबर लागला. सायकॉलॉजिस्टनी होमवर्क दिलं चौथ्या सीटचं, म्हणजे तिघांच्या बाकाच्या टोकाला टेकून बसायचं, तेही खिडकी उजवीकडे येईल अशी बाजू धरून, म्हणजे डावा गाल पॅसेजमध्ये आणि उभे असलेले सगळे वरून बघणार. कोण किती वेळ बघतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी घामाने शर्ट ओला, त्यात गोळीनेही घाम येतो तो वेगळाच. मोजून एकाने बघितलं आणि विचारलं, "कुठे उतरणार?" गोळीआधी हे मला जमलं नसतं, विक्रोळीलाच उतरलो असतो.

आता गाढवपणा सांगतो. पाच महिन्यांनी एकदम छान वाटत होतं, शिवाय गोळीने सेक्सच्या बाबतीत गाडी सिग्नललाच उभी राहायची, आणि हे त्या मॅडमसमोर बोलायची लाज. म्हणून न विचारता बंद केली. पहिले काही आठवडे मस्त. फ्लुओक्सेटिन शरीरातून फार हळू जाते म्हणून लगेच कळत नाही. सव्वा महिन्याने ८:१२ चुकली, मग परत चुकली, आणि एका सकाळी आरशावरच्या पेपरचा कोपरा मी उचलत होतो. परत लाईन, परत केसपेपर. मॅडम ओरडल्या नाहीत. एस्सिटालोप्रामने बरे झालेल्यांवरचा एक अभ्यास त्यांनी सांगितला, पुढच्या सहा महिन्यांत गोळी काढलेल्यांपैकी ४० टक्क्यांचा आजार उलटला आणि चालू ठेवलेल्यांपैकी १८ टक्क्यांचा. मग म्हणाल्या, आणि तो दुसरा त्रास होता तर आधी बोलायचं ना, रोज चार जण सांगतात मला.

परत चढत चढत सध्या ४० वर आहे, तो त्रास थोडा कमी आहे, पूर्ण गेला नाही. कमी करायचं तर वर्षभरानंतर बघू आणि हळूहळू, असं ठरलंय. मधे दाढ दुखली तेव्हा ब्रुफेन घेणार होतो, तर केमिस्टने (हो, आता कोपऱ्यावरच्याकडूनच आणतो) विचारून घे म्हणून थांबवलं, या गोळ्यांसोबत पेनकिलरने रक्तस्राव वाढू शकतो म्हणे.

पेपर आईने दिवाळीच्या साफसफाईत काढला. सेलोटेपचा डिंक काही निघेना, खोबरेल लावून घासलं तरी बरोबर नाकाच्या उंचीवर एक धुरकट पट्टा राहिलाय. त्याच्या खालच्या अर्ध्या आरशात दाढी करतो. काल ८:१२ चुकली, पण गाडीच वीस मिनिटं लेट होती.