बलाट्रो: ग्रीन स्टेक आणि पहिल्या तीन अँटींचा हिशोब

बलाट्रो म्हणजे एकट्यानं खेळायचा, पोकरवर बेतलेला पत्त्यांचा व्हिडिओ गेम, आणि स्टेक म्हणजे त्यातल्या अवघडपणाच्या पायऱ्या. व्हाइट आणि रेड स्टेक मागे पडले, आता रेड डेक (पत्त्यांचा जोड) घेऊन ग्रीन स्टेकवर आहे. मंडळी, ही नोंद फक्त पहिल्या तीन अँटींची. अँटी म्हणजे एक टप्पा, त्यात स्मॉल, बिग आणि बॉस असे तीन ब्लाइंड, म्हणजे तीन फेऱ्या. आठव्या अँटीतले लाखांचे आकडे सगळेच मिरवतात, पण डाव मरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या अँटीत, गल्ल्यात चार डॉलर आणि हातात एक निरुपयोगी जोकर (गुण किंवा पैसे वाढवणारं खास कार्ड) घेऊन.

आमच्या वेंगुर्ल्याकडे पावसाळ्यात या खेळाला दिवस चांगले. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, वीज गेली की नेटही जातं, आणि बलाट्रो फोनवर नेटशिवाय चालतो. मोबाइलवर तो सप्टेंबर 2024 मध्ये आला, त्याआधी त्याच वर्षी फेब्रुवारीत पीसी आणि कन्सोलवर. घरात फोनवर पत्ते दिसले की आजी ‘जुगार’ म्हणते. युरोपच्या पेगी मंडळालाही तसंच वाटलं होतं. त्यांनी आधी याला 18 वर्षांवरचं रेटिंग दिलं आणि 2025 मध्ये ते 12 वर आणलं. आजी अजून 18 वरच आहे, आणि गणपतीच्या जागरणात तीन पत्तीला मात्र तिची पहिली बैठक.

तीन पत्तीचा उल्लेख मुद्दाम केला. नवे खेळाडू अडकतात ते तिथल्या सवयीमुळे. तीन पत्तीत समोर माणूस असतो, म्हणून पान जितकं दुर्मीळ तितकं मोठं, आणि नाही जमलं तर पॅक. इथं समोर कुणीच नाही. समोर फक्त एक आकडा, तो चार हातांत (खेळ्यांत) गाठायचा: पहिल्या स्मॉल ब्लाइंडला 300, बिगला 450, बॉसला 600. तो आकडा स्ट्रेट फ्लशनं गाठला काय आणि दोन राजांनी गाठला काय, खेळाला फरक पडत नाही.

आता दोन राजांचंच बघू. जोडीचे मूळ 10 चिप्स आणि गुणक 2. राजांचे 20 मिळवून 30 गुणिले 2, म्हणजे 60. अगदीच किरकोळ. पण जॉली जोकर जवळ असला (खेळलेल्या पत्त्यांत जोडी असेल तर गुणकात +8), तर तेच 30 गुणिले 10, झाले 300. एका हातात पहिला ब्लाइंड साफ. त्यात स्लाय जोकर आला (जोडीला +50 चिप्स), तर 80 गुणिले 10, म्हणजे 800. हे दोघेही तीन-तीन डॉलरचे, अगदी साधे जोकर. लोक त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात ब्लूप्रिंट (शेजारच्या जोकरची नक्कल करणारा भारी जोकर) असतो.

जोडी कशाला, सरळ फ्लश (पाचही पत्ते एका रंगाचे) खेळा, हे फ्लशवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे, पण पहिल्या अँटीपुरतं. एकही जोकर नसताना एक्का, राजा, नव्वी, सत्ती, चव्वी एकाच रंगाचे पडले की 35 अधिक 41, गुणिले 4, म्हणजे 304. रेड डेकमध्ये चार डिस्कार्ड (नको ते पत्ते टाकून नवे घ्यायच्या संधी) मिळतात, त्यामुळे सुरुवातीला हे सहज जमतं. मग मात्र तोच हट्ट धरून चालत नाही. ग्रीन स्टेकला दुसरी अँटी 900 पासून सुरू होते, तिसरी 2600 पासून. 304 वाले चार फ्लश मारले तरी दुसऱ्या अँटीचा बिग ब्लाइंडही निघत नाही. फ्लशला पोसणारा जोकर मिळाला तर जा त्या वाटेनं, नाहीतर जोडीकडे या.

जोडी खेळताना दोनच पत्ते टाकू नका. सोबत तीन भंगार पत्ते टाका. ते मोजले जात नाहीत, पण हातातून जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. म्हणजे डिस्कार्ड न वापरताच तीन पत्ते बदलले. पहिल्या दोन अँटींत एवढी एक सवय लागली तरी डाव बराच लांबतो.

दुकानाचं गणित रेड स्टेकपासूनच बदलतं, कारण स्मॉल ब्लाइंडचं बक्षीस बंद होतं. सुरुवातीला खिशात 4 डॉलर. एका हातात ब्लाइंड काढला तर उरलेल्या तीन हातांचे 3, एकूण 7. डावातल्या पहिल्या दुकानात जोकरांचं एक बफून पॅक हमखास असतं, किंमत 4. ते फोडायचंच. त्यात गुणक देणारं काहीही निघालं तरी घ्यायचं: साधा +4 वाला जोकर, हाफ जोकर, ग्रोस मिशेल, काहीही. ग्रोस मिशेलचं केळं दर फेरीअखेर सहात एक शक्यतेनं सडतं, पण +15 गुणक तोवर दोन अँटी ओढून नेतो. पैसे देणारे जोकर, उदाहरणार्थ गोल्डन जोकर, पहिल्या दुकानात मोहात पाडतात. मी ते गुणकवाला एक हाताशी असल्याशिवाय घेत नाही.

त्यानंतर गल्ला. दर पाच डॉलरमागे एक डॉलर व्याज, 25 वर पूर्ण पाच मिळतात आणि तिथं थांबतं. माझा चुलतभाऊ शेजारी बसून ओरडत असतो, ‘पैशे जमवन काय करतलस, घे तो जोकर!’ दुसऱ्या अँटीत त्याचं बरोबर असतं, चौथीत माझं. तिसरी अँटी ही आमची भांडणाची जागा. सध्या मी असं ठरवलंय की पुढचा बॉस आहे त्या जोकरांवर निघतोय असं कागदावर दिसलं तरच पैसे राखायचे. नाहीतर व्याज गेलं खड्ड्यात. रीरोल मात्र पहिल्या अँटीत नाहीच. पाच डॉलर घालून दोन नवी पानं बघायची चैन तेव्हा परवडत नाही.

ब्लाइंड स्किप करून (न खेळता सोडून) त्याबदल्यात टॅग नावाचं बक्षीस घेणं हाही तसाच मोह. स्किप म्हणजे दुकान गेलं, उरलेल्या हातांचे डॉलरही गेले. बॉस हरवल्यावर 25 डॉलर देणारा गुंतवणुकीचा टॅग सोडला तर पहिल्या अँटीत मी कशासाठीही स्किप करत नाही.

कागदावर म्हणजे कसं, ते तिसऱ्या अँटीच्या बॉसवरून सांगतो. ग्रीनवर त्याला 5200 लागतात. जॉली, स्लाय आणि जोडीची पातळी एकेकानं वाढवणारी बुधाची दोन कार्डं (प्रत्येकी 3 डॉलर) घेतलेली असली, तर जोडी तिसऱ्या पातळीवर: 40 चिप्स, गुणक 4. राजांची जोडी: 40 अधिक 20 अधिक 50, म्हणजे 110, गुणिले 12, म्हणजे 1320. चार हातांत 5280. निघतो, पण जोड्या बहुतेक दश्शीच्या किंवा वरच्या पाहिजेत. चारही जोड्या सत्तीच्या किंवा त्याखालच्या आल्या तर 4992 च्या पुढे जात नाही, डाव संपला. आता यात दोन डॉलरचा तो साधा +4 जोकर घाला: 110 गुणिले 16, म्हणजे 1760, आणि तीन हातांतच 5280. दुकानात आपण ज्याला हसतो तो जोकर इथं अख्खा एक हात वाचवतो.

याच गणितातली गंमत म्हणजे अशा वेळी दोन जोड्या खेळणं तोट्याचं. राजा-राजा, नव्वी-नव्वी दिसलं की हात आपोआप चारही उचलतो. पण दोन जोड्यांची पातळी अजून पहिलीच असते: 20 अधिक 38 अधिक 50, 108 गुणिले 10, म्हणजे 1080. नुसत्या राजांचे 1320. नव्व्या पुढच्या हाताला ठेवा.

बॉस कोण आहे ते अँटी सुरू होतानाच दिसतं, तेव्हाच बघून घ्या. सायकिकला पाच पत्ते टाकावेच लागतात. जोडी अधिक भंगारवाल्यांना त्याचा त्रास नाही, पण तीन किंवा कमी पत्त्यांवर चालणारा हाफ जोकर त्याच्यापुढे मुका होतो. नीडल एकच हात देतो. मला सगळ्यात नकोसा वाटतो तो वॉल. दुसऱ्या अँटीत ग्रीनवर तो 3600 मागतो, आणि तो दिसला की व्याजाचा विचार बंद.

डेकमधले पत्ते सुरुवातीलाच कमी करावेत का, अशी विचारणा झाली होती. हँग्ड मॅन (पत्ते कायमचे काढून टाकणारं कार्ड) मिळाला तर दुऱ्या-तिऱ्या उडवा, बाकी ते काम नंतरचं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात 120 पत्ते आणि दहा रंग असतात. तसली डेक इथं असती तर जोडीवाल्यांचेही हाल झाले असते, बावन्न त्या मानानं फार नाहीत.

सध्याचा डाव तिसऱ्या अँटीच्या बिग ब्लाइंडवर थांबवलाय. जॉली, हाफ, ग्रीन जोकर, गल्ल्यात 19 डॉलर, पुढचा बॉस हुक. ग्रीन जोकर दर हाताला वाढतो आणि डिस्कार्ड केलं की घटतो, म्हणून डिस्कार्डला हात लावत नाहीये. हुक दर हातामागे दोन पत्ते स्वतःच फेकतो, त्यामुळे हातात धरून ठेवलेल्या जोडीचा भरवसा नाही. आणखी एक जोकर घ्यावा की 20 गाठून व्याजाचा चौथा डॉलर घ्यावा, यावर चुलतभावाशी बोलणी चालू आहेत.