पापणीच्या कडेवरचे कायमचे काजळ

पापणीच्या कडेला सुईने रंग टोचून काढलेल्या आयलायनरला आपल्याकडे पार्लरमध्ये ‘परमनंट काजळ’ म्हणतात, आणि ते करून घ्यावे का, असे डोळे तपासताना मला अनेक जणी विचारतात. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि कोरड्या डोळ्यांची तपासणी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. ते दिसते कसे, याविषयी मला काही म्हणायचे नाही. पण पापणीच्या कडेत नेमके काय असते आणि तिथे टोचलेली सुई काय करू शकते, हे सुई टोचून घेण्याआधी प्रत्येकीला कळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आरशासमोर उभे राहून खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली, तर पापणीच्या केसांच्या आतल्या बाजूला, जिथे आपण काजळाची पेन्सिल फिरवतो त्या ओलसर पट्टीवर, अगदी बारीक ठिपक्यांची एक रांग असते. ही मायबोमियन ग्रंथींची तोंडे. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० अशा या ग्रंथी एकमेकींना समांतर, उभ्या बसवलेल्या असतात. पापणी मिटली की त्यांतून किंचित तेल बाहेर येते, ते अश्रूंच्या पाण्यावर पातळ थर होऊन पसरते आणि पाणी हवेत उडून जाऊ देत नाही. हे तेल कमी पडले की डोळा काही सेकंदांतच कोरडा पडू लागतो, वाळू गेल्यासारखा खुपतो, वाचताना अक्षरे धूसर होतात आणि उघडझाप केल्यावर पुन्हा स्पष्ट होतात. अशा डोळ्यांतून पुष्कळदा पाणीही वाहते, कारण कोरडेपणाच्या चुरचुरीमुळे अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. मात्र त्या पाण्यावर तेलाचा पुरेसा थर नसल्याने ते डोळ्यावर टिकत नाही. म्हणूनच ‘डोळ्यांतून सारखे पाणी येते, मग कोरडेपणा कसा असेल?’ असे समजून कितीतरी जणी वर्षानुवर्षे उपचार घेत नाहीत.

परमनंट आयलायनरची सुई याच ग्रंथींच्या अगदी जवळ चालते. रेघ पापणीच्या केसांच्या बाहेर, त्वचेवर राहिली तर अंतर थोडे तरी राहते. पण काळेपणा भरीव दिसावा म्हणून केसांच्या मुळांमध्ये किंवा त्याहून आत, ओलसर पट्टीवर रंग भरला जातो, तेव्हा सुई ग्रंथींच्या तोंडांवरच येते. दक्षिण कोरियातील नेत्रतज्ज्ञांनी २०१५ मध्ये ‘कॉर्निया’ या नियतकालिकात, पापणी गोंदवलेल्या आणि न गोंदवलेल्या डोळ्यांची तुलना प्रसिद्ध केली. गोंदवलेल्या डोळ्यांत मायबोमियन ग्रंथींचा ऱ्हास अधिक होता आणि अश्रूंचा थर लवकर फुटत होता. हा अभ्यास लहान होता हे खरे, परंतु पापणीच्या रचनेशी त्याचा निष्कर्ष इतका जुळतो की मी तो बाजूला ठेवू शकत नाही. त्यातही वाईट म्हणजे, पूर्ण सुकून गेलेली ग्रंथी सहसा पुन्हा तयार होत नाही. गोंदण आपल्या आज्यांनीही करून घेतले होते, पण ते कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर. तिथल्या त्वचेखाली दृष्टीशी संबंध असलेले काही नसते.

भूल देणाऱ्या मलमाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. अशी काही मलमे अल्कलीयुक्त असतात आणि पापणीवरून ओघळून डोळ्यात गेली तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला रासायनिक इजा करू शकतात; त्यातून डोळा बधिर झालेला असल्यामुळे त्या क्षणी काहीच जाणवत नाही. सुई नवी आहे एवढी खात्रीही पुरेशी नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये गोंदवल्यानंतर झालेल्या मायकोबॅक्टेरियाच्या संसर्गाचा माग काढला, तेव्हा शाईच दूषित असल्याचे आढळले होते. शिवाय रंग काही वर्षांत फिका पडतो, मग पुन्हा सुई, पुन्हा जखम. लेझरने तो काढायचा तर तेही सोपे नाही. लोह किंवा टायटॅनियमचे ऑक्साइड असलेला रंग लेझरने कधीकधी उलट गडद होतो, आणि डोळ्याच्या इतक्या जवळ लेझर वापरताना बुबुळावर धातूचे संरक्षक कवच बसवावे लागते.

तरीही सगळ्यांना सरसकट ‘नको’ म्हणणे मला योग्य वाटत नाही. कंपवातामुळे किंवा संधिवातामुळे ज्यांना हातात पेन्सिल धरता येत नाही, किंवा आजारामुळे ज्यांच्या पापण्यांचे केस गळले आहेत, त्यांना या रेघेने मोठा दिलासा मिळू शकतो. त्यांनी आधी ग्रंथींची तपासणी करून घ्यावी आणि रंग पापणीच्या केसांच्या बाहेरच राहील, अशी स्पष्ट अट घालावी. ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत, पापण्यांच्या कडा वारंवार सुजतात, ज्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत आहेत किंवा ज्यांच्या चष्म्याचा नंबर लेझरने नुकताच काढला आहे, त्यांना मात्र मी नकोच म्हणते. रजोनिवृत्तीनंतर आणि रोज कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांतही कोरडेपणा अधिक आढळतो, म्हणून त्यांनीही घाई करू नये.

ज्यांनी हे आधीच करून घेतले आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये. त्रास होत असेल तर मायबोग्राफी, म्हणजे अवरक्त प्रकाशात पापणीच्या ग्रंथींचे छायाचित्र, काढून घ्यावे. त्यात सुईचा वा वेदनेचा प्रश्नच नसतो, आणि किती ग्रंथी शाबूत आहेत हे कळले की शेक, पापण्यांची स्वच्छता आणि योग्य थेंब यांची आखणी करता येते. एमआरआय करायची वेळ आली तर तंत्रज्ञाला पापणी गोंदवल्याचे आधी सांगावे, कारण लोहयुक्त रंगामुळे क्वचित तिथे जळजळ होते आणि डोळ्यांभोवतीची प्रतिमाही बिघडू शकते. मोतीबिंदूच्या किंवा चष्म्याच्या नंबराच्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनलाही हे सांगावे, कारण अश्रूंचा थर अस्थिर असेल तर डोळ्याची मापेच चुकू शकतात.